तिठ्यावरचा उतारा आणि न गायलेला सूड

बोईसरहून चिल्हार फाट्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाड्यांकडे वळणाऱ्या वाटा फुटतात. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर या रस्त्याने गेलं, तर एखाद्या तिठ्यावर उतारा ठेवलेला दिसतो. पत्रावळीवर भाताचा मुटका, त्यावर हळदकुंकू, कापलेलं लिंबू, कधी नारळ, कधी काळ्या कोंबडीची पिसं. पहिल्या पाळीला तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत निघालेले कामगार गाडी जरा बाजूने काढतात आणि पुढे जातात. उतारा ओलांडायचा नसतो, हे इथल्या वारल्याला जितकं माहीत, तितकंच छपऱ्याहून आलेल्या वेल्डरला आणि जळगावहून बदलून आलेल्या मास्तरांना.

ही चाल फार जुनी आहे. ‘मृच्छकटिका’च्या पहिल्याच अंकात चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर जाऊन मातृकांना बळी ठेवून यायला सांगतो, आणि मित्र अंधारात जायला कुरकुरतो. दामोदर धर्मानंद कोसंबींनी या एका प्रसंगाचा धागा धरून चव्हाट्यावरच्या मातृदेवतांवर एक निबंध लिहिला. १९६२ साली आलेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात तो आहे. व्यापाराच्या आणि गुरं चारण्याच्या जुन्या वाटा जिथे एकमेकींना छेदत, तिथे या देवतांची ठाणी होती, असं त्यांनी पुणे परिसर पायी हिंडून दाखवलं.

आता समुद्रापलीकडचं चित्र पाहा. रिओ दि जानेरोच्या चौरस्त्यावरही रात्री असंच काहीतरी ठेवलेलं सापडतं. पाम तेलात परतलेलं कसाव्याचं पीठ, काळी कोंबडी, मेणबत्त्या, उसाची दारू, सिगार. त्याला तिथे देस्पाशो म्हणतात. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी आपली दैवतं ब्राझीलमध्ये जगवली. त्यांतला एशू हा चौरस्त्यांचा मालक. माणसाचं मागणं देवांपर्यंत पोचवायचं तर आधी त्याला खूश करावं लागतं.

दोन्हीकडचा उतारा सारखाच मुका. ब्राझीलमध्ये मात्र त्या उताऱ्यामागचा राग, प्रेमातला दगा, शेजाऱ्याचा मत्सर, दुबळ्याने बलवानाला दिलेली धमकी हे सगळं गाण्यात आलं. रेडिओवर वाजलं, कार्निव्हलमध्ये नाचलं. आपल्या पालघर जिल्ह्यात तंत्रमंत्र आहे, भगत आहे, करणीची भीती आहे, आणि गाणंही उदंड आहे. तरी करणीचा सूड गाण्यात का आला नाही? या लेखात मी त्याच प्रश्नाचा आढावा घेतो आहे. माझ्या मते त्याचं उत्तर, आपण सूड कोणावर उगवतो, या दुसऱ्या प्रश्नात दडलेलं आहे.

ब्राझील आणि तारापूर ही जोडी कोणाला ओढूनताणून आणलेली वाटेल. पण हे दोन्ही किनारे सुमारे दोनशे वर्षं एकाच राजाचे होते. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढे केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू असे त्यांचे कोट उभे राहिले. १७३९च्या जानेवारीत मराठ्यांनी तारापूर घेतलं. त्या वेढ्यात मराठा सरदार बाजी भीवराव पडले. मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तोवर हा मुलूख ‘उत्तर प्रांत’ म्हणून गोव्याच्या हाताखाली होता, आणि धर्माच्या बाबतीत गोव्याच्या इन्क्विझिशनच्या हाताखाली. १५६० मध्ये सुरू झालेलं हे न्यायालय १८१२ पर्यंत चाललं. ब्राझीलवर लिस्बनच्या इन्क्विझिशनची नजर होती. चेटूक करणाऱ्याला, ताईत बांधणाऱ्याला पकडून उभं करणं हे दोन्हीकडचं काम.

गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये काढलेलं एक फर्मान अ. का. प्रियोळकरांनी १९६१च्या आपल्या ग्रंथात दिलं आहे. धोतर नेसू नये, दारात तुळस ठेवू नये, अशा बारीकसारीक मनाया त्यात आहेत. त्यांतच एक मनाई लग्नात ‘व्होव्हिओ’ गाऊ नयेत अशी आहे. हा पोर्तुगीज वळणाचा शब्द म्हणजे आपली ओवी. लग्नघरात बायकांनी म्हटलेली ओवी धर्माला धोका वाटावी, याचा अर्थ त्या गाण्यात काहीतरी करण्याची ताकद आहे हे त्या पाद्र्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडच्या कितीतरी अभ्यासकांना हे उशिरा कळलं.

ब्राझीलची कथा जरा सविस्तर सांगायला हवी, कारण तुलनेला ती लागणार आहे. तिथे गुलामी कायद्याने संपली १३ मे १८८८ ला. दोनच वर्षांनी, १८९०च्या दंडसंहितेच्या १५७व्या कलमाने ‘जादू आणि तिचे तोडगे’ हा गुन्हा ठरवला. माणूस मोकळा झाला आणि त्याचा देव आरोपी झाला. पोलीस कांदोंब्ले या आफ्रिकी वळणाच्या पंथाच्या देवघरांवर छापे घालत, ढोल आणि मूर्ती उचलून नेत. रिओच्या पोलिसांनी जप्त केलेल्या अशा वस्तूंचा संग्रह ‘काळी जादू’ या नावाने नोंदला गेला, आणि २०२० साली कुठे तो पोलिसांच्या ताब्यातून सुटून एका संग्रहालयात आदराने ठेवायला दिला गेला.

याच छाप्यांच्या काळात तिया सिआता नावाची बाई बाहियाहून रिओला येऊन राहिली होती. १८५४चा जन्म, मिठाई विकायची, आणि देवाचं करायची. ‘तिया’ म्हणजे मावशी. पुढच्या खोलीत पाहुण्यांसाठी सभ्य संगीत, मागच्या अंगणात सांबा आणि त्याहून आत देवाचे ढोल, अशी तिच्या घराची रचना लोक सांगत. तिच्याच घरच्या बैठकींतून ‘पेलो टेलेफोने’ हे गाणं निघालं. डोंगा या संगीतकाराने १९१६ साली ते आपल्या नावावर नोंदवलं आणि १९१७च्या कार्निव्हलमध्ये ते गाजलं. ध्वनिमुद्रित सांब्याचा इतिहास तिथून मोजतात. म्हणजे ब्राझीलचं लोकप्रिय संगीत जन्मलं तेच देवऋषी बाईच्या घरात. चेटूक त्या संगीतात कोणी बाहेरून आणलेलं नाही.

मग ते पसरलं, आणि पसरताना बदललं. १९३४ मध्ये नोएल रोझा या गोऱ्या, मध्यमवर्गीय गीतकाराने व्हिला इझाबेल या आपल्या वस्तीवर गाणं केलं. आमचा सांबा हे सभ्य चेटूक आहे, त्याला तिठ्यावरच्या सामग्रीची गरज नाही, असा त्याचा दावा. चाल गोड आहे. त्यात कोणाचा हात झटकला आहे हेही ऐकू येतं. १९५१ मध्ये पोर्तो आलेग्रेच्या लुपिसिनिओ रॉड्रिग्ज या काळ्या गीतकाराचं ‘व्हिंगान्सा’ आलं. नावाचा अर्थच सूड. लिंडा बतिस्ताने ते गाऊन देशभर पोचवलं. त्यातला दगा खाल्लेला प्रियकर देवासंतांपुढे सुडाचंच मागणं ठेवतो. कुठला विधी नाही, उतारा नाही, पण शाप आहे, आणि तो मोठ्याने म्हटलेला आहे. १९६६ साली बाडेन पॉवेल आणि व्हिनिशियस जि मोराइस यांनी ‘अफ्रो-सांबा’ नावाची तबकडी काढली. तिच्यातलं ओसान्याचं गाणं मला फार महत्त्वाचं वाटतं. ओसान्या हे पाल्याचं, औषधी वनस्पतींचं दैवत. प्रेमासाठी त्याच्या मंतरण्यावर विसंबू नकोस, असं ते गाणं बजावतं. चेटकाच्या परंपरेत उभं राहून चेटकाविषयी सावध करणारं गाणं लिहिता येतं, हे त्यातून दिसतं.

आणि पोंबा जिरा. उंबांदा पंथातली ही स्त्री-आत्मा. जिला फसवलं, टाकलं, बाजारात बसवलं, ती मेल्यावर पोंबा जिरा होऊन येते. ती हसते, सिगारेट ओढते, लाल कपडे मागते, आणि फसवल्या गेलेल्या बायका तिच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जातात. तिची शेकडो गाणी आहेत. लोक तिला भितात आणि तिच्यावर प्रेमही करतात.

आता घरी येतो.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. किनाऱ्यावर मांगेला, वैती, कोळी. वसईकडे कुपारी आणि इतर ख्रिस्ती. आत डोंगराकडे वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी, ठाकूर. गाणं सगळ्यांकडे आहे. पण जादू आणि गाणं यांचा सांधा सर्वांत घट्ट आहे तो वारल्यांत, म्हणून मी तिथेच थांबतो.

वारल्यांचा भगत म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला नीट सांगावं लागतं. तो वैद्य आहे; झाडपाल्याचं त्याचं ज्ञान अनेकदा खरं आणि खोल असतं. तो पुजारी आहे. हिरवा, नारायण, हिमाय, वाघोबा या देवांचं तो करतो. तो गायकही आहे. घांगळी हे त्याचं वाद्य: बांबूची दांडी, दोन भोपळे, तार, आणि सजवायला मोराची पिसं. ती छेडत तो कणसरीची, धान्याच्या देवीची, गाणी रात्र रात्र गातो. सुपात तांदूळ घेऊन दाणे बघणाराही तोच. अंगात वारं आलं की तो घुमतो, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

हे गाणं काय करतं? ते घर भरतं. कणसरीला बोलावतं, पृथ्वी कशी झाली ते सांगतं, मेलेल्या माणसाला त्याची वाट दाखवतं. लग्नात धवलेरी गाते. ती बाई आहे आणि लग्न लावण्याचा मान तिचा आहे. ब्राह्मणी विधीत वाढलेल्या वाचकाने इथे क्षणभर थांबावं. बाईच्या तोंडच्या गाण्याशिवाय लग्न पुरं होत नाही अशी ही संस्कृती आहे. झोपडीच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, शेजारी पाचशिऱ्या देव. चौक आधी कापडाने झाकलेला असतो. भगताच्या अंगात आलं की तो उघडतात. आज हाच चौक मुंबईच्या हॉटेलांच्या भिंतींवर उघडाच असतो, आणि त्याला वारली चित्रकला म्हणतात. जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली याचा मला अभिमान आहे. पण चौक झाकायचा असतो, हे आपण सांगायला विसरलो.

तारप्याचं गाणं आणखी वेगळं. भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, सांधे मेणाने बुजवलेले. नवं भात आलं, दिवाळी जवळ आली की तारपा बाहेर निघतो. नाचणाऱ्यांचा फेर तारपकऱ्याभोवती फिरतो, आणि तारप्याकडे पाठ करायची नाही असा संकेत आहे. जव्हारजवळच्या वाळवंड्याच्या भिकल्या धिंडा यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या हे वाद्य आहे. ते तारप्याला देव मानतात. जव्हार-मोखाड्याचा बोहाडाही याच अंगाने पाहावा: मुखवटे घालून देव येतात, संबळ आणि सनई वाजते, शेवटी देवी महिषासुराला मारते. सूड आहे, पण तो देवीचा, आणि राक्षसावरचा. गावाने मिळून पाहायचा.

या सगळ्या भांडारात भगताने शत्रूवर सोडलेल्या करणीचं गाणं मला सापडलेलं नाही. संरक्षणाचं आहे, बोलावण्याचं आहे, कबुलीचं आहे. मारणाचं नाही. यावरून वारली मनात सूड नाही, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. सूड आहे. तो गद्यात राहतो. तो कुजबुजीत राहतो.

त्या कुजबुजीचं नाव भुताळी.

मूल तापाने फणफणलं, रेडकू मेलं, भातावर रोग पडला, की घरातलं कोणीतरी म्हणतं, कोणीतरी केलंय. भगताकडे जातात. तो दाणे बघतो आणि कधीकधी नाव काढतो. नाव बहुतेकदा बाईचं निघतं: विधवा, म्हातारी, मूलबाळ नसलेली, किंवा जिच्या नावावर जमिनीचा तुकडा आहे अशी. के. जे. सावे यांनी १९४५ मध्ये ‘द वारलीज’ हे पुस्तक काढलं, यशोधरा दालमियांचं ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ १९८८ मध्ये आलं. दोन्हींत भगत आणि भुताळी ही जोडी आहे. सातपुड्यात हिलाच डाकीण म्हणतात. झारखंडमध्ये गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी संथाळ विधवांचा अभ्यास केला, तेव्हा जमिनीवरचा हक्क आणि चेटकिणीचा आरोप यांचा संबंध उघड दिसला. पालघरमध्येही प्रत्येक आरोपामागे आधी सात-बारा पाहावा, असं मला वाटतं.

आफ्रिकेतल्या अझांदे लोकांवर १९३७ साली इव्हान्स-प्रिचर्ड यांनी लिहिलेलं पुस्तक इथे उपयोगी पडतं. कोठाराच्या खांबांना वाळवी लागून ते कोसळतं, हे अझांद्यालाही कळतं. पण ते नेमकं याच माणसावर, याच वेळी का कोसळलं? या ‘का’चं उत्तर चेटूक देतं. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं दगावली आणि सारा महाराष्ट्र हादरला. तिथेही ‘का’ होता. त्याचं खरं उत्तर रोजगार, रेशन, रस्ता आणि दवाखाना यांत होतं. पण रस्ता नसलेल्या पाड्यावर ते उत्तर पोचत नाही. तिथे शेजारीण पोचते. ज्याच्यामुळे उपाशी राहिलो तो दूर असतो, मोठा असतो. भुताळी हाताशी असते.

ब्राझील आणि पालघर यांच्यातला फरक मला इथे दिसतो. गुलामाची नात पोंबा जिराला हाक मारते तेव्हा तिचा राग तिला टाकणाऱ्या पुरुषावर, मालकावर, स्वतःहून बलवान माणसावर जातो. असा राग गाता येतो. गायल्याने तो वाढतो आणि ऐकणाऱ्याला बळ देतो. भुताळीवरचा राग स्वतःहून दुबळ्या बाईवर जातो. तो कोण गाणार? त्याला ढोल नको असतो, त्याला अंधार हवा असतो. पोंबा जिरेसारखीच अन्याय सोसून मेलेली बाई आपल्याकडे जाखीण होते, हडळ होते. आपण तिला झाडाला खिळतो, बाटलीत कोंडतो. तिच्याकडे गाऱ्हाणं घेऊन जात नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते मोठे आहेत. डोकं उडवलेली रेणुका आपली माउली झाली. गावोगावच्या जाखमातांच्या मागे अशाच कुण्या दुर्दैवी बाया असाव्यात. जात्यावरची ओवी तर बाईचं गाऱ्हाणंच आहे. गी पॉइटवां आणि हेमा राइरकर यांनी एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. सासू, सवत, माहेर तोडणारा भाऊ, मोहिनी घातलेला नवरा, सगळे त्यात सापडतात. पण या ओव्यांतली बाई शेवटी रागाला आवर घालते. ती विठ्ठलाला सांगते, आईला सांगते. तळतळाट तिच्यापाशी असतो, शाप ती सहसा उच्चारत नाही. दक्षिण कोकणात देवळात गुरव मोठ्याने गाऱ्हाणं घालतो आणि गाव ‘होय महाराजा’ म्हणतो. त्यात वाकडं चिंतणाऱ्याला वाटेवर आण, असं मागणं असतं. ते चारचौघांत होतं, म्हणून मला ते भुताळीच्या कुजबुजीपेक्षा निरोगी वाटतं.

सिनेमातल्या आणि तमाशातल्या सुडाविषयी फार लिहावं असं नाही. ‘पिंजरा’ १९७२ मध्ये आला, राम कदमांच्या चालींनी गाजला. त्यात अपमान झालेली नाचणारी बाई मास्तरला बोर्डावर आणते. तिचा सूड लावणीने घेतलेला आहे. तरी चित्रपट सहानुभूती ठेवतो ती मास्तराकडे.

आफ्रिकेचा धागा आपल्या बाजूलाही आहे, हे इथे नोंदवतो. गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. सिद्दी लोक तिथे गोमा म्हणजे धमाल करतात, आणि अंगात आलेलं उतरवायला दुरून माणसं येतात. त्यांच्याकडे मलुंगा नावाचं धनुष्यासारखं वाद्य आहे, तारेवर काडी मारून वाजवायचं, खाली भोपळा. ब्राझीलच्या बेरिंबाउचा हा सख्खा भाऊ. एकाच खंडातून निघालेला एक भोपळा बाहियाला गेला, दुसरा आपल्या किनाऱ्यावर उतरला. उत्तर कन्नडमधल्या यल्लापूर-हल्याळच्या सिद्दींकडेही ढोलाचं मोठं गाणं आहे. यांचा आणि वारली संगीताचा मेळ घालून कोणी ऐकावं, ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

पालघरमधला राग एकदा वर, म्हणजे बलवानाकडे, वळला. आणि तो वळला तेव्हा गाणं झाला. २३ मे १९४५ ला तलासरी तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची सभा भरली. वेठ करायची नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने मिळून सावकाराकडे राबायचं ती लग्नगडी पद्धत मोडायची, असं ठरलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होते. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. पाच जण पडले. त्यांत जेठ्या गांगड होता. गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा काळ आहे. सावे यांचं वारल्यांवरचं पुस्तकही १९४५चंच. एकीकडे वारली कोणाकोणाला भितो याची नोंद छापली जात होती, दुसरीकडे तोच वारली झरीत म्हणत होता की भिणार नाही.

या लढ्याने भुताळी संपवली नाही. पण लाल बावट्याच्या गाण्यांत, आणि पुढे भूमिसेनेच्या आणि कष्टकरी संघटनेच्या मोर्च्यांत गायल्या जाणाऱ्या गाण्यांत, शत्रूचा पत्ता बदलला. तिथे सावकार आहे, जंगलखात्याचा माणूस आहे, जमिनीचा कागद फिरवणारा आहे. ‘कोणीतरी केलंय’ या वाक्याला प्रथमच खरा कर्ता मिळाला. २०१९ मध्ये मुंबईच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटाने आरेच्या केलटीपाड्यातले आदिवासी गायक प्रकाश भोईर यांच्याबरोबर ‘वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. आरेच्या जंगलाचा प्रश्न, नाव १९४५च्या उठावाचं, आणि वाजवायला आजचा ठेका. ब्राझीलच्या गाण्याशी आपल्याकडचं कुठलं गाणं खांद्याला खांदा लावून उभं राहील असं मला कोणी विचारलं, तर मी हे दाखवीन.

कायद्याची गोष्टही तुलनेत बसते. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिने ते सात वर्षं शिक्षा, पाच ते पन्नास हजार दंड. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून छळणं, नागवी करून धिंड काढणं, तिच्या रोजच्या व्यवहारांवर बंदी घालणं हे त्याच्या अनुसूचीत आहे. ब्राझीलच्या १८९०च्या कलमाने चेटूक करणाऱ्याला आरोपी केलं. आपल्या कायद्याने भुताळी म्हटल्या गेलेल्या बाईच्या बाजूने उभं राहायचं ठरवलं. दोन्हींना ‘जादूविरोधी कायदा’ म्हटलं जातं, पण दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना आहेत. एल्झा सुआरेस या काळ्या गायिकेने २०१५ साली, वयाच्या ऐंशीच्या पुढे, मारहाण करणाऱ्या पुरुषाला बजावणारं गाणं गायलं. त्यात ती हेल्पलाइनच्या १८० या क्रमांकाची धमकी देते. पोंबा जिरेची जागा टेलिफोनने घेतली, राग मात्र तोच. आपल्या कायद्यावर असं गाणं अजून व्हायचं आहे.

बोईसरच्या चाळींत आता वेगळंच गाणं वाजतं. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढली, आणि कामगारांबरोबर भोजपुरी गाणी आली. पूर्वेला गेलेल्या नवऱ्याला तिथल्या बाईने जादू करून मेंढा करून ठेवलं, हे बिदेसियाच्या, म्हणजे परगावी गेलेल्या नवऱ्याच्या भोजपुरी गाण्यांच्या, जगातलं जुनं भय. आज तोच नवरा पश्चिमेला, बोईसरला आहे. रविवारी दुपारी कपडे वाळत घातलेल्या गॅलरीत त्याच्या मोबाइलवर ती गाणी वाजतात, आणि गावाकडे त्याची बायकोही तीच ऐकत असेल. पाड्यांवरच्या लग्नांत बँजो आणि मोठे साउंडबॉक्स आले आहेत. पहाटे ते थांबतात, धवलेरीला जागा देतात, मग पुन्हा सुरू होतात. सरकारी महोत्सवात तारपा असतो, भगत नसतो. नोएल रोझाचं सभ्य चेटूक ते हेच, असं मला तिथे बसल्यावर वाटत राहतं. भगताला मंचावर आणा असं मी म्हणत नाही. नाव काढणारा भगत मला कुठेच नको आहे. पण घांगळीवर रात्रभर गाणारा, झाडपाला ओळखणारा भगत त्याच्याबरोबर पुसला जातो आहे, आणि या दोघांत फरक करायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

काही वर्षांपूर्वी मनोरच्या पुढच्या एका पाड्यावर मी लग्नाची गाणी टिपायला गेलो होतो. एक म्हातारी भेटली. ती त्या गावची नव्हती. आपल्या गावी तिचं नाव निघालं होतं, म्हणून लेकीकडे येऊन राहिली होती. मांडवाचं गाणं तिने पुरं म्हटलं, मध्ये एकदाही न थांबता, आणि लेकीची मुलं तोंडाने साथ करत राहिली. मग तिने गाव सोडल्याची हकिकत सांगितली: कोणत्या महिन्यात, कोणाचं वासरू मेलं होतं, कोणत्या दिराने आधी बोलायला सुरुवात केली, बांध कुठून कुठे सरकला. आवाज अगदी खाली आला होता. याचंही गाणं आहे का, मी विचारलं. तिने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. गाणं ठेव, म्हणाली, बोलणं पुसून टाक. मी तिच्यासमोरच पुसलं.